खाडीकांठचें रान आणि शहराचा कचरा



ठाण्याहून बेलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पावणें नांवाचें एक गांव आहे. पाठीशीं पारसिकच्या डोंगराची रांग आणि पुढें ठाण्याची खाडी, अशा चिंचोळ्या पट्टींत तें वसलेलें आहे. या पट्टींतील गांवें एके काळीं भातशेती, मीठ आणि मासळी यांवर जगत असत. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि येथें कारखान्यांची वसाहत उभी राहिली. १९७० सालीं सिडको आली आणि ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या भूमीवर नवी मुंबई वसविण्याचें काम सुरू झालें. पावण्याचें नांव घेतलें कीं आतां लोकांस शेत आठवत नाहीं, कारखाना आठवतो. तेव्हां रानांतील जीवांची गोष्ट या गांवापासून सुरू करण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील.

प्रयोजन असें कीं, पावण्यासमोरची खाडी हें ऐरोलीचा पूल आणि वाशीचा पूल यांच्या दरम्यानचें पाणी आहे, आणि तेथें २०१५ सालापासून रोहित पक्ष्यांचें अभयारण्य आहे. त्या अभयारण्याच्या शेजारींच, पैलतीरावर, कांजूरमार्गची क्षेपणभूमि, म्हणजे मुंबईचा कचरा टाकण्याची जागा आहे. अलीकडे, पावण्याच्या शेजारीं तुर्भ्यास, नवी मुंबईची क्षेपणभूमि आहे. दोन शहरांचा कचरा आणि मधें एक संरक्षित खाडी, अशी ही मांडणी आहे. कचऱ्यासाठीं जागा शोधावयाची किंवा असलेली जागा वाढवावयाची झाली म्हणजे तेथील वनस्पति, प्राणी आणि त्यांचीं वसतिस्थानें यांचा हिशेब कोणीं, कसा आणि केव्हां करावयाचा, हा प्रश्न म्हणूनच येथें जितका निकडीचा आहे तितका क्वचितच कोठें असेल. या प्रश्नाचा शंभर-सव्वाशें वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. जीवांची यादी आपल्यापाशीं नव्हती असें झालेलें नाहीं. ती यादी निर्णय होऊन गेल्यावर उघडण्यांत आली, हें आपलें दुखणें आहे.

प्रथम जुन्या काळाकडे वळूं. १८८२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्यें या प्रदेशांतील खाड्या, मिठागरें, मासे आणि झाडें यांची तपशीलवार माहिती दिलेली आहे. समुद्राचें पाणी बांध घालून हटवावें आणि खारवट जमीन हळूहळू भाताखालीं आणावी, ही येथील फार जुनी विद्या होय. अशा रीतीनें मिळविलेल्या जमिनीच्या धारापद्धतीस शिलोत्री असें नांव होतें. बांध कोणीं राखावा, फुटल्यास कोणीं दुरुस्त करावा, याचे नियम ठरलेले असत. यावरून आपल्या लोकांस खाडीची जाण नव्हती असें कोणी म्हणूं नये. परंतु महसुलाच्या दृष्टीनें खाऱ्या दलदलीस किंमत येई ती तिचें शेत किंवा मिठागर झाल्यावर. तोंपर्यंत ती पडीक. तिवराचीं झाडें सरपणाला तोडावीं, त्यांचा पाला गुरांना घालावा, चिखलांतून चिंबोऱ्या व निवट्या धराव्या, एवढा तिचा उपयोग गांवकऱ्यांस होई; परंतु सरकारी दप्तरांत त्या उपयोगाला रकाना नव्हता.

जी जमीन दप्तरांत पडीक, तीच शहराला कचऱ्यासाठीं मोकळी दिसूं लागली. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला आणि शहरांतील घाण शहराबाहेर नेण्याची निकड सर्वांस पटली. १९०६ सालीं कुर्ल्याहून चेंबूरकडे जो लोहमार्ग घातला गेला तो मुळांत शहराचा कचरा वाहून नेण्यासाठीं होता. उतारूंची वाहतूक त्यावर १९२४ सालीं सुरू झाली. पुढें १९२७ सालीं देवनारची कचराभूमि सुरू झाली. खाडीच्या कांठची दलदल हीच तिची जागा. रोगाच्या भीतीनें ग्रासलेल्या शहरानें घाण दूर लोटावी यांत नवल नाहीं. मात्र 'दूर' म्हणजे 'कोणाच्याहि नव्हे' असा जो अर्थ करण्यांत आला तो खरा नव्हता. तेथें कोळी होते, आगरी होते, आणि चिखलांत उभें असलेलें एक संपूर्ण रान होतें.

त्या रानाची नोंद तेव्हां कोणाजवळच नव्हती काय? होती. बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था १८८३ सालीं मुंबईंत स्थापन झाली होती. सेंट झेवियर्स कॉलेजांतील वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांचा मुंबई इलाख्यांतील कांदळवनांवरील निबंध याच संस्थेच्या नियतकालिकांत १९०५ सालीं प्रसिद्ध झाला. थिओडोर कूक यांचा इलाख्यांतील वनस्पतींवरील मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या वर्षांत भागाभागानें बाहेर पडत होता. वर्षें ताडून पाहा. ज्या सुमारास एका हातानें खाडीकांठच्या झाडांची शास्त्रीय नोंद होत होती, त्याच सुमारास दुसऱ्या हातानें त्याच खाडीकडे कचऱ्याचा लोहमार्ग घातला जात होता. या दोन हातांची गांठ पडली नाहीं. आणखी एक योगायोग तर विलक्षण आहे. भारतीय वन अधिनियम हा कायदा १९२७ चाच. 'राखीव वन' आणि 'संरक्षित वन' या संज्ञा ज्या कायद्याच्या आधारें आजहि वापरल्या जातात तो कायदा आणि देवनारची कचराभूमि हीं एकाच वर्षाचीं अपत्यें होत. परंतु वनखात्याच्या लेखीं वन म्हणजे साग, ऐन, किंजळ यांचा डोंगर. खाऱ्या पाण्यांत उभीं असलेलीं बुटकीं झाडें हेंहि वनच होय, ही समज खोल रुजण्यास पुढें पाऊणशें वर्षें लागलीं.

हा दोष एकट्या मुंबईचा नव्हे. न्यूयॉर्क शहरानें १९४८ सालीं स्टेटन बेटावरील फ्रेश किल्स येथें भरतीच्या पाण्याच्या दलदलींतच आपला कचरा टाकण्यास आरंभ केला, आणि ती जागा २००१ सालीं बंद होईपर्यंत तेथें कचऱ्याच्या टेकड्या झाल्या. दलदल म्हणजे वायां गेलेली भूमि, ही समजूत त्या काळीं जगभर रूढ होती.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे कायदे आले ते एकामागून एक, आणि प्रत्येकाचें दार निराळें. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा जीवाला पाहतो. १९८० चा वनसंवर्धन कायदा जमिनीला पाहतो. केंद्र सरकारच्या संमतीवांचून वनजमीन दुसऱ्या कामास देतां येणार नाहीं, असा त्याचा आशय. १९९१ ची सागरकिनारा नियमन अधिसूचना भरतीच्या रेषेला पाहणारी होती. हीं दारें एकमेकांत आपोआप उघडत नाहींत, हें ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. कोल्ह्याचेंच उदाहरण घ्या. मुंबई-ठाण्याच्या कांदळवनांत कोल्हा अद्याप राहतो, आणि २०२२ च्या दुरुस्तीनें त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत स्थान मिळालें. कायद्यानें त्याच्या जिवाला अभय दिलें. परंतु त्याच्या बिळाभोंवतालच्या रानाला तें आपोआप मिळत नाहीं. रान गेलें तर अभय मिळालेला कोल्हा कोठें राहील, याचें उत्तर दुसऱ्या कायद्यांत शोधावें लागतें.

एखादा प्रकल्प करण्यापूर्वीं त्याचे परिसरावर काय परिणाम होतील याची पाहणी करावी, हें बंधन आपल्याकडे १९९४ च्या अधिसूचनेनें घातलें, आणि शहरी कचऱ्याच्या सामायिक प्रकल्पांचा त्यांत स्पष्ट समावेश २००६ च्या अधिसूचनेनें झाला. म्हणजे १९२७ चें देवनार काय किंवा १९६८ चें मुलुंड काय, त्यांच्या वेळीं अशी पाहणी करावी असा नियमच नव्हता.

आतां ही पाहणी कशी होते तें थोडक्यांत सांगतों. प्रकल्पाच्या जागेभोंवतीं सामान्यतः १० किलोमीटरचा परीघ धरतात. कागदावर रेघ मारून पाहिली तर कांजूरच्या जागेचा हा परीघ खाडी ओलांडून नवी मुंबईच्या कांठावर येतो. म्हणजे पैलतीरावरील कचऱ्याच्या हिशेबांत ऐलतीराचाहि वांटा आहे. या परिघांत ठराविक मापाचे चौकोन आंखून त्यांतील झाडें जातवार मोजावयाचीं. तिवर किती, कांदळ किती, चिप्पी, काजळा, मारांडी यांपैकीं काय आढळलें. मोठीं झाडें किती आणि नवीं रोपें किती. रोपें मोजण्याचें महत्त्व विशेष आहे. जेथें जुनीं झाडें उभीं आहेत पण नवें रोप एकहि नाहीं, तें रान हिरवें दिसलें तरी म्हातारें झालें आहे असें समजावें. यांपैकीं पांढऱ्या चिप्पीस महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान दिला, हें जातां जातां सांगण्याजोगें आहे.

पक्षी मोजावयाचे ते ओहोटीला, कारण चिखल उघडा पडला म्हणजेच ते चरावयास उतरतात. भरतीच्या वेळीं ते कोठें विसावतात ती जागा निराळी शोधावी लागते. चरण्याची जागा राखली आणि विसाव्याची गमावली तर पक्षी दोन्ही सोडून जातात. कोल्ह्यासारखा रात्रीं हिंडणारा प्राणी पावलांच्या ठशांवरून, विष्ठेवरून आणि आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या यंत्रावरून ओळखावा लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचा तो ऋतु. रोहित पक्षी या खाडींत साधारणतः नोव्हेंबर-डिसेंबरांत येतात आणि पावसाच्या तोंडावर जातात. जुलैंत पाहणी करणाऱ्यास ही खाडी रोहितांवांचूनची दिसेल, आणि 'विशेष कांहीं आढळलें नाहीं' असा त्याचा अहवाल अक्षरशः खरा असूनहि निरुपयोगी ठरेल.

क्षेपणभूमीपासून होणारी हानि केवळ तिनें व्यापलेल्या जागेपुरती नसते, हेंहि पाहणाऱ्यानें जाणलें पाहिजे. ओल्या कचऱ्यांतून काळें पाणी झिरपतें. तळाशीं अस्तर नसेल किंवा तें फाटलें असेल तर तें पाणी खाडींत उतरतें. कचऱ्यावर मोकाट कुत्रे, घारी आणि कावळे पोसले जातात. कुत्रे कोल्ह्यांस हुसकतात व त्यांना रोगहि देतात. घारी-कावळे इतर पक्ष्यांचीं अंडीं व पिलें पळवितात. कचऱ्याच्या पोटांत वायु साठून आग लागते. २०१६ च्या जानेवारींत देवनारला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतहि दिसला होता.

ही सर्व विद्या हातीं असतां काय घडतें, हें पाहण्यास कांजूरमार्गचें प्रकरण पुरेसें आहे. २००५ च्या ऑक्टोबरांत मुंबई उच्च न्यायालयानें कांदळवनांच्या तोडीस मनाई करणारा आदेश दिला. त्यांभोंवतालची ५० मीटरची पट्टीहि मोकळी राखण्यास सांगितलें आणि कांदळवनांचे नकाशे करून सरकारी जमिनीवरील कांदळवनें संरक्षित वनें म्हणून जाहीर करण्याची दिशा दाखविली. त्यानुसार २००८ सालीं कांजूरची जमीनहि संरक्षित वनाच्या यादींत आली. पण ती जागा त्यापूर्वींच महापालिकेच्या कचऱ्यासाठीं ठरलेली होती. २००९ च्या डिसेंबरांत दुसरी अधिसूचना निघाली आणि ११९.९१ हेक्टर जमीन त्या यादींतून वगळली गेली. ही जमीन यादींत आली तीच चुकीनें, असें सरकारचें म्हणणें होतें. पुढें तेथें क्षेपणभूमि सुरू झाली आणि मुंबईच्या रोजच्या कचऱ्याचा बहुतांश भाग तेथें जाऊं लागला.

'वनशक्ति' या संस्थेनें ही गोष्ट न्यायालयापुढें नेली. २ मे २०२५ रोजीं उच्च न्यायालयानें २००९ ची अधिसूचना रद्द ठरविली. एकदां वन म्हणून जाहीर झालेली जमीन १९८० च्या कायद्याची वाट न चोखाळतां केवळ एका अधिसूचनेनें वनांतून काढतां येणार नाहीं, असें या निर्णयाचें सार आहे. ती जागा पूर्ववत् करण्यास तीन महिन्यांची मुदत दिली गेली. मुदत सरतां सरतां, २०२५ च्या ऑगस्टांत, सर्वोच्च न्यायालयानें या निर्णयास स्थगिति दिली. इतक्या कचऱ्याची दुसरी सोय काय, हा प्रश्न शहरापुढें उभा होताच.

या प्रकरणांत कोणता पक्ष बरोबर हें ठरविणें न्यायालयाचें काम आहे. इतिहासाच्या अभ्यासकास त्यांतून एवढेंच दिसतें कीं, जागेची निवड आधीं झाली, तेथील रानाची नोंद मागाहून झाली, आणि नोंद निवडीशीं जुळेना म्हणून नोंदच बदलण्यांत आली. कायद्याचा निर्णय झाला तो पंधरा वर्षांहून अधिक काळानें. तोंवर कागदावरचें वन आणि जमिनीवरचा कचरा यांत महदंतर पडलें होतें. क्रम उलटा असता, म्हणजे आधीं झाडें मोजून मग जागा निवडली असती, तर शहराला कचऱ्याची जागा मिळालीच नसती असें नाहीं; ती कदाचित् दुसरी मिळाली असती, आणि तिच्याभोंवतीं इतकीं वर्षें वाद माजला नसता.

क्रम वेळीं सुधारतां येतो याचें एक उदाहरण परदेशांत सांपडतें. हाँगकाँगमध्यें एका क्षेपणभूमीच्या विस्तारासाठीं क्लियर वॉटर बे नांवाच्या संरक्षित उद्यानाची सुमारें ५ हेक्टर जागा घेण्याचा सरकारचा बेत होता. २०१० सालीं तेथील विधिमंडळानें तो आदेश रद्द ठरविला, आणि २०११ सालीं सरकारनें उद्यानाची जागा वगळून विस्ताराचा आराखडा नव्यानें मांडला. कचऱ्याचा प्रश्न तेथेंहि बिकटच होता. मात्र वाद झाला तो कचरा पडण्यापूर्वीं.

आतां एका शंकेचा विचार करूं. कोणी म्हणेल कीं, खाडी इतकी घाण झाली असतां रोहित पक्षी तर वाढलेच. मग कचऱ्यानें बिघडलें काय? प्रश्न वरवरचा नाहीं. रोहित या खाडींत मोठ्या संख्येनें दिसूं लागले ते १९९० नंतरच्या दशकांत. २०१९ सालीं बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या गणनेंत त्यांची संख्या लाखाहून अधिक भरली. अभ्यासकांचें मत असें कीं, शहराच्या सांडपाण्यांतील पोषक द्रव्यांनीं पाण्यांतील शेवाळ वाढलें आणि लहान रोहितास विपुल अन्न मिळालें. तेव्हां रोहित आले म्हणजे खाडी निर्मळ झाली, असा अर्थ काढणें भ्रामक आहे. जें पाणी आज शेवाळ पोसतें, त्यांतच उद्यां जडधातु आणि रसायनें वाढलीं तर तेंच पक्ष्यांस मारील. याच खाडींत पूर्वीं मुबलक मिळणारी मासळी कमी झाल्याची कोळ्यांची तक्रार आहे. गुलाबी पक्ष्यांचा थवा छायाचित्रांत येतो, न मिळालेला जिताडा येत नाहीं. म्हणून एका देखण्या जातीच्या संख्येवरून निर्णय करणारी पाहणी अपुरी समजावी. चिखलांतील किडा, निवटी, तिवराचें रोप आणि रोहित हे सर्व एकाच खात्याचे रकाने आहेत.

या खाडीचें महत्त्व आतां जगानेंहि मान्य केलें आहे. अभयारण्याचें क्षेत्र सुमारें १,६९० हेक्टर. त्यांपैकीं सुमारें ८९६ हेक्टर कांदळवन आणि उरलेलें पाणी. २०२२ सालीं ठाण्याची खाडी रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या यादींत समाविष्ट झाली. १९२७ सालीं जी पडीक होती, तिला हा मान मिळण्यास ९५ वर्षें लागलीं.

शेवटीं पावण्याकडे वळूं. या पट्टीनें शहराच्या सोयीचा भार थोडा उचललेला नाहीं. कोपरखैरण्याची जुनी कचराभूमि येथलीच. ती बंद करून तिच्यावर निसर्ग उद्यान करण्यांत आलें. महाप्याला कारखान्यांच्या घातक कचऱ्याची वेगळी सोय आहे. तुर्भ्यास घरोघरच्या कचऱ्याची. प्रत्येक जागा भरत जाते आणि नव्या जागेची मागणी येते, हा क्रम ठरलेला आहे. तेव्हां या पट्टींतील रहिवाशांनीं तीन गोष्टींचा आग्रह धरावा असें सुचवावेंसें वाटतें. पहिली, विस्ताराची जागा ठरविण्यापूर्वींच वर्षाच्या सर्व ऋतूंत जीवांची पाहणी व्हावी, आणि तींत खाडीवर जन्म गेलेल्या कोळ्यांची साक्ष लेखी घ्यावी. दुसरी, २००६ च्या नियमानें जनसुनावणीपूर्वीं अहवालाचा सारांश राज्यभाषेंतहि देण्याचें बंधन घातलें. तो सारांश मराठींतून वाचावा, आणि त्यांत कोणत्या महिन्यांत पाहणी झाली हें आधीं पाहावें. तिसरी गोष्ट घरांतली आहे. ओला, सुका आणि घातक कचरा घरींच वेगळा करावा असें २०१६ च्या नियमांनीं सांगितलें. ओला कचरा घराजवळच जिरला तर क्षेपणभूमीकडे जाणाऱ्या गाड्या कमी होतात, काळें पाणी कमी होतें आणि विस्ताराची मागणीहि लांबणीवर पडते.

कांजूरला किंवा तुर्भ्याला जाणारा कचरा कोणा परक्याचा नव्हे. सकाळीं दाराशीं ठेवलेल्या डब्यांतूनच तो निघतो. त्यासाठीं जागा लागणार, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु जी जमीन आपण त्यासाठीं देतों तिच्यावर आधीं कोण राहतें, एवढें विचारून मग देणें, हा साधा शिष्टाचार आहे. घर पाडण्यापूर्वीं दार ठोठावून पाहतात. पाडून झाल्यावर रहिवाशांची यादी करीत नाहींत. खाडीकांठच्या रानाच्या बाबतींत आपण ही यादी शंभर वर्षें मागाहून करीत आलों. यापुढें ती आधीं व्हावी, इतकेंच आजच्या भाषणाचें मागणें आहे.